मुंबई गाडी

बारामतीच्या स्टँडवर दिवसभर गाड्या येतात, जातात. नीरा, मोरगाव, फलटण, वालचंदनगर, भिगवण. त्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही. ज्याला जायचं तो चढतो. पण काचेमागं ‘मुंबई’ अशी पाटी लावलेली गाडी फलाटाला लागली की तंबाखू मळणारा हात थांबतो. ज्याला कुठंही जायचं नाही तोही दोन पावलं पुढं येऊन पाटी वाचतो आणि बरोबरच्याला सांगतो, “मुंबईची लागली.” ऐकणाऱ्यालाही कुठं जायचं नसतं. तो मान डोलावतो.

वास्तविक ती इतर गाड्यांसारखीच असते. तोच लाल रंग, त्याच खडखडणाऱ्या काचा, डिझेल, रेक्झिन आणि आदल्या दिवशीच्या मेथीच्या जुड्यांचा मिळून झालेला तोच वास. मुंबईला जाणारी म्हणून तिला कोणी वेगळी घडवलेली नसते. आगारातला माणूस वही बघतो आणि धुऊन उभ्या असलेल्या गाड्यांतली एक मुंबईला लावतो. काल ती लासुर्ण्याच्या बाजूला शाळेची पोरं सोडत होती, उद्या कदाचित पुन्हा तिथंच जाईल. पाटी लागली की हुद्दा मिळतो, पाटी काढली की हुद्दा जातो. राजधानीशी ये-जा असलेल्या इतरांनाही हे ठाऊक असतं, पण तिच्याइतकं निमूटपणे ते कोणी मान्य करत नाही.

या दोन तालुक्यांना, बारामती आणि इंदापूरला, मुंबई काही परकी नाही. काटेवाडीचे शरद पवार १९७८ मध्ये पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून मुंबईत खुट्ट वाजलं की बारामतीच्या टपरीवर त्याचा अर्थ लावला जातो. एवढ्या वजनाच्या गावातून साध्या माणसानं राजधानीला जायचं तर कसं? विमानतळ आहे, तिथं पोरं विमान चालवायला शिकतात, तिकीट काढून बसावं असं विमान तिथून सुटत नाही. रेल्वे आहे, ती आधी दौंडाला नेते आणि मग पुढचं बघू म्हणते. एमएच ४२ ची मोटार आहे, ज्याची त्याची. ट्रॅव्हल्स आहेत. आणि ही आहे.

मोटारीचं काय सांगावं! ज्याची आहे त्याला ती उत्तम. पण शेजाऱ्याच्या मोटारीत बसून मुंबईला जाणं हा प्रवास नसतो, तो उपकार असतो. त्याला ज्या वेळी निघायचं त्या वेळी निघायचं, खालापूरच्या फूड मॉलवर वडा त्यानं खाऊ घालायचा, आपण पैसे पुढं करायचे, त्यानं आपला हात मागं ढकलायचा. परतताना तो म्हणतो, “माझं काम जरा लांबलंय, तुम्ही थांबता का?” थांबावंच लागतं. आणि नंतर वर्षभर, त्याच्या घरी काहीही कार्य निघालं तरी, आपण मांडव घालायला पुढं. एसटीचं तिकीट काढून बसलेल्या माणसावर कोणाचे उपकार नसतात. त्यानं कंडक्टरशी भांडलं तरी चालतं, खिडकीबाहेर तोंड करून बसलं तरी चालतं.

रेल्वेची गोष्ट जुनी आहे आणि थोडी चमत्कारिक. ग्रेट इंडियन पेनिन्शुलाच्या लोकांनी पुण्याहून पूर्वेकडे लोहमार्ग टाकला तेव्हा १८५८ च्या डिसेंबरात गाडी आली ती थेट भिगवणजवळच्या डिकसळपर्यंत, म्हणजे इंदापूर तालुक्यात. बोरघाटातला चढ मात्र १८६३ मध्ये खुला झाला. मधल्या काळात डिकसळचा माणूस आगगाडीनं पुण्याकडे जाऊन खंडाळ्याशी पोचला, की घाट उतरायला पालखी नाहीतर टांगा, आणि खाली पुन्हा आगगाडी. तेव्हाही राजधानी मुंबईच होती, इलाख्याची. म्हणजे इंदापूर तालुक्याच्या दारात आगगाडी आली होती, आणि मुंबईच्या दारात अख्खा सह्याद्री आडवा होता. इंदापूर गावाच्या वाट्याला मात्र तेव्हाही रूळ आले नाहीत आणि आजही नाहीत. माणूस भिगवणला नाहीतर कुर्डूवाडीला जाऊन गाडी धरतो. बारामतीला १९१४ मध्ये दौंडाहून छोट्या रुळांची गाडी आली. मळद, शिरसाई, कटफळ असं थांबत ती यायची. पुढं रूळ रुंद झाले, पण वळण तेच राहिलं: मुंबईला जायचं तर आधी दौंड. रेल्वेला स्वतःचा एक तोरा असतो. ती तुमच्या गावासाठी येत नाही, स्वतःच्या मार्गानं जाते, त्या मार्गावर तुम्ही असलात तर तुमचं नशीब.

एसटीचं तसं नाही. ती गावासाठी निघाली. १ जून १९४८ ला पुणे ते नगर अशी पहिली गाडी धावली आणि त्यानंतर जिथं बैलगाडी जाते तिथं एसटी जाते, असं होत गेलं. इंदापूर भागातल्या जुन्या माणसांना विचारा. त्यांच्या लेखी गावात वीज आली ते साल वेगळं आणि मुक्कामी गाडी आली ते साल वेगळं, आणि दुसरं साल त्यांना जास्त नीट आठवतं. मुक्कामी गाडी रात्री गावात राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकायचे, पहाटे कोंबड्याच्या आधी हॉर्न वाजायचा. त्या गाडीनं तालुक्याला यायचं, तिथून ‘मुंबई’ धरायची. मुंबई गाडी कितीही मोठी वाटली तरी तिला माणसं पुरवतात त्या या खेडोपाडीच्या गाड्या. त्या चुकल्या तर तीही रिकामी.

मधल्या काळात तिच्या घरात जरा नटव्या बहिणीही आल्या. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, त्या कामी आलेल्या निमआराम गाड्या पुढं दादर–पुणे रस्त्यावर धावू लागल्या आणि लोक त्यांना एशियाडच म्हणू लागले. खेळ संपले, पदकं विसरली गेली, नाव राहिलं. मग शिवनेरी आली, काचबंद, गारेगार. इंदापूरचा माणूस स्वारगेटला लाल गाडीतून उतरून शिवनेरीत बसला की थोडा अवघडतो. आत कोणी बोलत नाही. खिडकी उघडत नाही. शेंगांची टरफलं कुठं टाकावीत ते कळत नाही.

आत शिरलं की वरच्या पत्र्यावर रंगवलेली अक्षरं दिसतात. महिला. अपंग. स्वातंत्र्यसैनिक. आमदार, खासदार. पुढच्या चाकाच्या अलीकडची, कमी धक्के बसणारी ती जागा लोकप्रतिनिधीसाठी राखून ठेवलेली. बारामतीच्या गाडीत ही अक्षरं वाचताना मला नेहमी हसू येतं. ज्या गावानं मुंबईला इतकी मोठी माणसं पुरवली, त्या गावच्या गाडीतली आमदारांची जागा कायम मोकळी. म्हणजे मोकळी नव्हे, दुसऱ्या कोणाची तरी. तिथं मी बैलबाजार करून निघालेला व्यापारी पाहिला आहे, टाके घातलेली बाई पाहिली आहे, आईच्या मांडीवरून घरंगळून आडवं झोपलेलं पोर पाहिलं आहे. कंडक्टर त्यांना उठवत नाही. त्यालाही माहीत असतं, आमदार काही जेजुरीला हात दाखवून चढणार नाहीत.

आणि गंमत पुढं आहे. रात्रीच्या गाडीनं निघालेला इंदापूरचा शेतकरी पहाटे मुंबईत उतरतो. त्याचं काम मंत्रालयात, आणि तिथं साध्या माणसाला आत सोडायची वेळ कैक वर्षं दुपारी दोनची. पहाट ते दुपार काय करायचं? मग आकाशवाणीजवळच्या आमदार निवासात ओळखीच्या कोणाच्या तरी नावानं पास ठेवलेल्या खोलीत अंघोळ, चहा, पाठ टेकायला सतरंजीचा कोपरा. खोली आमदारांची, आत मतदारसंघातली आठ माणसं, आमदार कुठं तरी भलतीकडेच. म्हणजे गाडीत आमदारांच्या जागेवर बसून आलेला माणूस मुंबईतही आमदारांच्याच जागेवर आडवा होतो. सत्तेत वाटा म्हणतात तो त्याला एवढाच मिळतो. तो त्यावर खूश असतो.

या माणसाची पिशवी बघण्यासारखी असते. नायलॉनची, दोन बंदांची, तळाला कपड्याचा एक जोड, वर भाकरी-चटणीचं फडकं आणि सगळ्यांत वर, चुरगळू नये म्हणून कॅलेंडरच्या पुठ्ठ्यात घातलेली कागदं. सातबारा, फेरफार, जुना नकाशा, कोणा अधिकाऱ्याला दिलेल्या अर्जाची पोच. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमेचं पाणी इंदापूर तालुक्यात मागं मागं पसरत गेलं. काठावरची गावं उठली, पळसदेवाचं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की शिखर वर येतं आणि लोक होडीतून बघायला जातात. देऊळ निदान दर काही वर्षांनी वर येतं, पुनर्वसनाची फाईल येईलच असं नाही. त्या पाण्यानं उसाला पैसा दिला, भिगवणला चिलापीची खानावळ दिली, हिवाळ्यात रोहित पक्षी दिले आणि त्या पाण्यानंच कित्येक घरांना मुंबईची वाट दाखवली. आज्यानं सुरू केलेलं प्रकरण नातू पुढं चालवतोय, अशी माणसं या गाडीनं जातात. पुठ्ठ्याचं कॅलेंडर तेवढं नवीन असतं.

बाकीच्यांची कामं वेगळी. परळला उतरणाऱ्यांत केईएमला आणि टाटाला जाणारी माणसं ओळखू येतात. त्यांच्या हातातली पांढरी मोठी पिशवी वाकू नये म्हणून ते ती छातीशी धरून बसतात आणि शेजारी कितीही विचारो, रोगाचं नाव घेत नाहीत. वाशीला उतरणारा डाळिंबवाला आपल्या मालाची पट्टी घ्यायला चाललेला असतो. माल टेम्पोनं पुढं गेला, भाव अडत्यानं फोनवर सांगितला, तो ऐकून त्याला राहवलं नाही, म्हणून तो स्वतः निघाला. आणि एखादी आई, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. तिच्यासोबत ज्वारीचं पीठ असतं, कारण मुंबईच्या पिठाची भाकरी थापता येत नाही अशी तिची पक्की खात्री. डिंकाचे लाडू असतात, खाली सुकट, वर शेंगदाणे, शिवाय गोधडी. कंडक्टर येतो, बघतो, म्हणतो, “आजी, ह्याचं लगेज लागंल.”

“लगेज? आरं बाबा, लेकीचं बाळंतपण हाय ते.”

“बाळंतपणाला लगेज न्हाई, आजी. पिठाला हाय.”

मग अख्खी गाडी आजीच्या बाजूनं उभी राहते. शेवटी कंडक्टर पोतं बाकाखाली सरकवतो, पाय तिकडून काढा म्हणून शेजारच्यावर ओरडतो आणि विषय संपतो.

तिची वाट दोन प्रकारची. बारामतीहून एक तर मोरगाव, जेजुरी, सासवड करत दिवेघाट उतरायचा आणि हडपसरला पुण्याच्या गर्दीत शिरायचं, किंवा पाटसला जाऊन सोलापूर रस्ता धरायचा. इंदापूरचा माणूस त्या रस्त्यावरच बसलेला; त्याच्याकडे सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूरकडून मुंबईला निघालेल्या गाड्याही थांबतात, पण त्या आधीच भरून आलेल्या. म्हणून इंदापूरकराच्या हातात रुमाल असतो. गाडी पुरती थांबण्याआधी तो खिडकीतून आत पडतो आणि जागा धरली जाते. या रुमालाचा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडायची छाती सहसा कोणाची होत नाही. पुढं भिगवण, मग कुरकुंभ, जिथं रसायनांच्या वासानं झोपलेला माणूसही न सांगता ओळखतो कुठं आलो ते, मग पाटस, यवत, उरुळी कांचन. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या असतात, एकीला दुसरी जोडलेली, मागं दिवा नाही, वर टेपवर गाणं. मुंबई गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, ट्रॅक्टरवाला ऐकत नाही. त्याच्या मागं एवढं टनावारी वजन असताना त्यानं ऐकायचं तरी कोणाचं? साखर कारखान्यांच्या बाजूला हे रोजचं. अशा वेळी ‘मुंबई’ पाटीला काडीची किंमत नसते. ऊस आधी.

आषाढात तर तिला वाटच सोडून जावं लागतं. तुकोबांची पालखी पुण्याहून लोणी, यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीला येते, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर आणि पुढं सराटीवरून पंढरी. म्हणजे नेमकी मुंबई गाडीच्या उलट दिशेनं लाखो माणसं पायी. ते दोन-तीन दिवस गाडी आडवळणानं जाते, उशिरा पोचते, आणि एरवी पाच मिनिटांसाठी कंडक्टरच्या अंगावर जाणारे प्रवासी चकार शब्द काढत नाहीत. उलट खिडकीतून हात जोडतात. एका दरबारी अर्ज घेऊन निघालेली माणसं दुसऱ्या दरबारी चाललेल्यांना वाट देतात. पंढरपूरला दोनची वेळ नाही, पण रांग तिथंही आहेच.

आता तिचा खरा स्वभाव सांगतो. आतापर्यंत सांगितलं ते वरवरचं होतं. सवयी, वास, नातेवाईक. तिचा स्वभाव एका वाक्याचा आहे: वेळ झाली की ती सुटते. भरली असो वा नसो.

हे ऐकायला काहीच नाही. पण चौकात उभ्या असलेल्या वडापच्या जीपकडे बघा. दहा माणसं झाल्याशिवाय चावी फिरत नाही; अकरावा येईपर्यंत दहाव्याला “बसा, निघालीच” म्हणतात. खासगी ट्रॅव्हल्सचा कारभार जरा मोठा, जांभळे दिवे, पाण्याची बाटली, पण सीट रिकाम्या राहिल्या तर ‘तुमची गाडी मागची आहे’ असा फोन येतो आणि दोन गाड्यांची माणसं एका गाडीत जातात. त्यात त्यांचं चूक म्हणून काही नाही. धंदा आहे, डिझेलचा खर्च आहे, रिकामी गाडी कोण पळवील? त्या हिशेबानं एसटी अगदी वेडी. श्रावणी सोमवारच्या भर दुपारी, गाडीत कंडक्टर धरून सात माणसं असताना, कंट्रोलर खिडकीतून हात करतो, वेबिलावर वेळ टाकली जाते, डबल बेल वाजते आणि ती पन्नास माणसांच्या तोऱ्यात स्टँडच्या बाहेर पडते. हिशेब तपासणारे याला तोटा म्हणतात. तोटाच आहे तो. पण मोरगावच्या फाट्यावर ऊन खात उभ्या असलेल्या आठव्या माणसाला स्टँडवर काय भरलं आणि काय नाही हे कुठून कळणार? त्याला फक्त वेळ माहीत आहे. त्याचा सगळा बेत, मुंबईतली तारीख, डॉक्टरची वेळ, साहेबाची भेट, त्या वेळेवर उभा आहे. रिकाम्या गाडीनं वेळ पाळली म्हणून तर तो रस्त्यावर येऊन उभा राहिला. एसटीच्या बाजूनं बोलणारे लोक भाडं कमी, अपघात कमी असं काय काय सांगतात. मला वाटतं, हे एवढं पुरे आहे.

पुण्यात शिकणाऱ्या पोरांना हे फार आधी कळलं. कित्येक वर्षं सकाळच्या गाडीनं त्यांचे डबे जात. आई पहाटे उठून भाकरी, भाजी, लोणच्याची फोड असा डबा भरायची, कापडी पिशवीत घालायची, पिशवीवर सुईदोऱ्यानं नाव शिवलेलं, शाईचं पाण्यानं पुसतं म्हणून. बाप सायकलीवरून स्टँडवर आणायचा. ड्रायव्हरच्या मागच्या मोकळ्या जागेत अशा पिशव्यांची रास असायची आणि स्वारगेटला पोरं उभी. गाडी चुकली तर ते पोर उपाशी, इतका सरळ व्यवहार. आता मेस आहेत, घरपोच जेवण आहे. तरी आईच्या हातची चटणी मोबाइलवर मागवता येत नाही, त्यामुळे एखादी पिशवी अजून दिसते.

दोनदा तिनं वेळ पाळली नाही. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती आगारात उभी राहिली. तशी पूर्ण उभी नव्हती. पायी घरी निघालेल्या परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत तिनं सोडलं, आणि त्याच वर्षी, लोकल बंद, बेस्ट अपुरी, म्हणून राज्यभरातल्या आगारांतून गाड्या मुंबईत नेल्या गेल्या. जिल्ह्याच्या चिखलात वाढलेल्या लाल गाड्या शहराच्या आत बेस्टच्या मार्गांवर माणसं वाहू लागल्या. एरवी राजधानीपर्यंत नेऊन सोडणारी ही बाई राजधानीच चालवत होती. गावाकडच्या ड्रायव्हरला गल्ल्या माहीत नव्हत्या. प्रवासीच सांगायचे, डावीकडे घ्या, आता उजवीकडे.

दुसरी वेळ संपाची. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, यावर टपऱ्यांवर रक्त आटवून झालं. पगारावर घर चालत नाही म्हणणाऱ्या कंडक्टरचं मला तरी खोटं वाटलं नाही. पण जिची शाळा आठ किलोमीटरवर होती ती पोरगी त्या महिन्यांत घरी बसली, आणि मुंबईला जाणारा माणूस पुन्हा शेजाऱ्याच्या मोटारीचा दरवाजा उघडून उभा राहिला, जागा आहे का म्हणत.

संपानंतर ती परत आली ती माणसं बदलून. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. त्याआधी गाडीत बाई दिसायची ती बहुधा कोणाच्या तरी बरोबर. आता बायका बायकांच्या बरोबर असतात. चार जणी मिळून महालक्ष्मीला निघतात, मुंबादेवी करून येतात, समुद्र बघतात, आणि येताना दादरला फुलं स्वस्त मिळाली म्हणून तीही घेतात. म्हाताऱ्यांची तर वेगळीच तऱ्हा. शून्य रुपयांचं तिकीट हातात पडलं की आजोबा ते दोन्ही बाजूंनी वाचतात, घडी घालून टोपीत ठेवतात आणि उतरेपर्यंत दर टप्प्याला टोपी काढून ते आहे ना ते बघतात. पैसे देऊन काढलेलं तिकीट हरवलं तर भांडता येतं, फुकटचं हरवलं तर तोंड कसं दाखवायचं, असा त्यांचा विचार.

मुंबईत पोचल्यावर ती लहान होते. चेंबूरला मैत्री पार्कशी निम्मी गाडी उतरते, शीव, दादर करत उरलेली रिती होत जाते. उंच इमारतींच्या खालून जाताना तिच्या टपावर बांधलेली केळीची पाटी फार उघडी वाटते. पण ड्रायव्हर बिचकत नाही. परळच्या आगारात आल्यावर तो उतरतो, चाकाला लाथ मारून हवा बघतो आणि तोंडावर पाणी मारून शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारतो, “कुठली?” तो सांगतो, “जत.” एवढ्यावर दोघं चहाला जातात.

एकदा परतीची वेळ झाली तेव्हा गाडीत मोजकी माणसं होती. कंडक्टरनं पाटी फिरवून लावली, मागपर्यंत एक फेरी मारली आणि दोरीला हात घातला. पुढच्या बाकावरच्या मावशी उठून उभ्या राहिल्या.

“मास्तर, जरा पाच मिंटं थांबा की. ह्यांना वडापाव आणाया धाडलंय.”

“मावशी, वडापाव बारामतीत बी मिळतो.”

“आवं, पर ह्ये हितं ऱ्हाईलं की!”

कंडक्टरनं घड्याळ बघितलं. दोन घंट्या दिल्या. गाडी हलली, आगाराच्या गेटपाशी रस्त्याच्या गर्दीमुळं तिला थबकावंच लागलं, आणि तेवढ्यात धोतराचा सोगा एका हातात, कागदाचं पुडकं दुसऱ्या हातात अशा थाटात मालक पळत आले. मावशींनी दारातून वाकून आधी पुडकं आत घेतलं, मग नवऱ्याला.

“बारामती दोन का?” कंडक्टरनं मशीन पुढं केलं.

मावशी पुडकं सोडत होत्या. “येक फुल, येक हाप,” त्या म्हणाल्या. “हाप माजं.”